माझं साल माझ्याशी ठरवा

नवरा काजूकतलीचा पुडा घेऊन दारात उभा राहिला आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाला, "अभिनंदन! तुझा पगार वाढला."

मी कणीक मळत होते. हात तसेच परातीत राहिले. माझा पगार वाढला आणि ही बातमी मला माझ्या नवऱ्याने आणून द्यावी, हे डोक्यात शिरायला जरा वेळ लागला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"तुमच्या शेठनी. दुपारी फोन आला होता, ऑफिस सुटलं की चहाला या म्हणून. गेलो. चांगला माणूस आहे गं! केबिनमध्ये बसवलं, घरचं विचारलं, मुलांच्या शाळेचं विचारलं. म्हणाले, ताईंचं काम फार चोख आहे, पंधराशे वाढवून देऊ, तुमची काही हरकत नाही ना? हा पुडाही त्यांनीच दिला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, चालेल शेठ, तुम्ही म्हणाल तसं."

ते दोघं केबिनमध्ये चहा पीत होते तेव्हा मी कुठे होते? भिंतीपलीकडे. शेठच्या केबिनची आणि माझ्या लॅबची भिंत एकच आहे. शेठ जोरात हसले तर मला ऐकू येतं. त्या संध्याकाळी मी हसणं ऐकलंही होतं, कोणी दलाल आला असेल असं वाटलं होतं. मी तुरीच्या नमुन्यातले काळे दाणे वेचत बसले होते आणि पलीकडे माझा भाव ठरत होता.

"मला का नाही बोलावलं?"

"मी म्हटलं ना त्यांना, हिला बोलावू का. ते म्हणाले, राहू द्या, कामात असतील."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. मी पुडा उचलला आणि शेजारच्या काकूंना देऊन आले. त्यांनी विचारलं, कशाचे पेढे? म्हटलं, पेढे नाहीत, काजूकतली आहे, आणि कशाची ते मलाही नीट माहीत नाही.

हे सगळं कुठून सुरू झालं ते सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की घरात पैसे आले तरी ही बाई रडतेय.

जळगावच्या एमआयडीसीत एक डाळ मिल आहे, तिथे मी नऊ वर्षं काम करते. तूर येते, हरभरा येतो, मूग येतो. त्याची डाळ होऊन पोती भरून बाहेर जाते, काही माल परदेशातही जातो. आलेल्या मालाचा नमुना काढायचा, ओलावा बघायचा, तुकडा किती, कीड किती, खडा किती ते तपासायचं, आणि जाणाऱ्या मालाचा रिपोर्ट करून द्यायचा, हे माझं काम. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेली बाई डाळ निवडते म्हणून नातेवाईक माझी चेष्टा करतात. करू देत. माल परत आला तर काय होतं ते त्यांना माहीत नाही, मला माहीत आहे.

लागले तेव्हा वर एक मॅनेजर होते. वयस्कर, शांत माणूस. त्यांनी मला काम शिकवलं आणि मग मुलाकडे इंदूरला कायमचे निघून गेले. त्यांच्या जागी दुसरं कोणी आलं नाही. त्यांचं काम माझ्याकडे आलं, त्यांची खुर्ची मात्र रिकामी राहिली. शेठकडे आलेले पाहुणे केबिनबाहेर तिच्यावर बॅगा ठेवतात. रिपोर्टच्या तळाशी अजून 'गुणवत्ता व्यवस्थापक' असं छापलेलं असतं आणि त्याच्यावर मी 'करिता' लिहून सही करते. इंदूरमध्ये नातवंडं खेळवणाऱ्या माणसाकरिता मी इथे सही करत होते! परदेशातल्या गिऱ्हाइकाने काही विचारलं तर उत्तर मी द्यायचं, तपासणीला बाहेरचे लोक आले तर त्यांच्यापुढे उभं मी राहायचं, आणि पगाराच्या पावतीवर मी लॅब असिस्टंट.

दर वर्षी वाढ व्हायची, नाही असं नाही. चहापत्तीला पुरेल इतकी. पण दोन वर्षांपूर्वी हिशेबाच्या टेबलावर बसणाऱ्या भाऊंना एकदम चांगली वाढ मिळाली. ते माझ्यानंतर लागलेले. माणूस वाईट नाही, माझं त्यांच्याशी भांडणही नाही. मी शेठना सहज विचारल्यासारखं विचारलं, तर म्हणाले, "ताई, त्यांची दोन मुलं शाळेत जातात. घर त्यांच्या एकट्याच्या पगारावर चालतं. तुमचं तसं नाही ना, तुमचे मिस्टर सरकारी नोकरीत आहेत. तुम्हाला काय कमी?"

माझीही दोन मुलं शाळेत जातात. पण ती बहुतेक फक्त त्यांच्या वडिलांचीच असावीत. आणि नवऱ्याची सरकारी नोकरी हा माझा पगार कमी करायचा हुकूम आहे, हे लग्नात कोणी सांगितलं नव्हतं. गंमत अशी की मी तेव्हा गप्प बसले. वरून "हो शेठ, बरोबर आहे" असंही म्हणाले. बाई माणूस पैशावरून बोलली की हावरट दिसते, असं लहानपणापासून मनावर बसलेलं असतं. ते घासूनही जात नाही.

यंदा फेब्रुवारीत मात्र ठरवलं. एका मोठ्या गिऱ्हाइकाचा माल ओलाव्यावरून परत यायच्या बेतात होता. मी तीन दिवस मेल लिहून, फोन करून, आपले नमुने पुन्हा तपासून तो वाचवला. शेठनी सगळ्यांसमोर "ताई म्हणजे आपल्या मिलचा आधार" असं म्हटलं. म्हटलं, आधाराला आता विचारायला हरकत नाही. केबिनमध्ये गेले आणि नीट, स्पष्ट सांगितलं: मॅनेजरचं काम मी करते, मला मॅनेजरचं पद द्या आणि त्या पदाचा पगार द्या.

शेठनी ऐकून घेतलं. चेहरा अगदी प्रेमळ. "ताई, तुम्ही घरच्याच आहात," ते म्हणाले. "बघू आपण."

'घरच्याच' हा शब्द मी या नऊ वर्षांत इतक्या वेळा ऐकलाय की तो कानावर पडला की आता मला पर्स घट्ट धरावीशी वाटते. घरच्या माणसाला जादा वेळ थांबवता येतं, रविवारी बोलावता येतं. घरच्या माणसाने सणाला मिठाईचा पुडा घेऊन आनंदाने घरी जायचं असतं. पण शेठच्या पोराला मिलमध्ये बसवलं तेव्हा त्याच्या पगाराचं कोणी 'बघू' म्हटलं नाही. तो तर खरोखरच घरचा होता.

मार्च संपत आला तरी बघून झालं नव्हतं. तेव्हा मी धुळ्याला गेले. तिथे एका सरकीच्या तेल गिरणीला लॅबसाठी माणूस हवा होता. जायचं नक्की होतं असं नाही. आपली किंमत बाहेर काय आहे ते तरी बघावं म्हटलं. नवऱ्याला सांगून रजा टाकली, सकाळची बस धरली. एरंडोल, पारोळा मागे टाकत पोचेपर्यंत साडीला घामाने मीठ धरलं होतं.

मुलाखतीला दोघं बसले होते. पहिला प्रश्न काय असेल? ओलावा कसा काढता? तेलाची आम्लता कशी तपासता? नाही. पहिला प्रश्न: "मॅडम, मिस्टर काय करतात?" दुसरा: "त्यांची इकडे बदली होईल का?" तिसरा: "सासरच्यांची हरकत नाही ना?" मी जळगावहून धुळ्याला लॅबच्या कामासाठी आले होते की माझ्या सोयरिकीसाठी, तेच मला कळेना. शेवटी कामाचं बोलणं निघालं, तेव्हा मात्र दोघंही सावरून बसले. वीस मिनिटांत त्यांना कळलं की मी काय करू शकते. त्यांनी जो आकडा सांगितला तो माझ्या पगाराच्या जवळजवळ दीडपट होता. पद मॅनेजरचं. आणि निघताना त्यांतला एक म्हणाला, "जॉइन करायच्या आधी एकदा मिस्टरांना घेऊन या, म्हणजे बोलणं पक्कं होईल."

मी परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून ऊन बघत होते आणि इतकी चिडले होते की कंडक्टरने सुट्टे मागितले तर त्याच्यावरच खेकसले. पण एक गोष्ट पदरात पडली होती. आपली किंमत काय ते आता मला माहीत होतं, आणि ती नवऱ्याच्या नोकरीवरून ठरलेली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी शेठना सांगितलं. धुळ्यात मला इतके देतायत, हे पद देतायत. मला इथेच राहायचं आहे, घर इथे आहे, काम आवडतं. पण एवढं तुम्ही द्या.

शेठचा चेहरा पडला. "ताई, घरच्या माणसाने असा भाव करायचा असतो का?" ते म्हणाले, जणू मीच त्यांच्या घरात काही चोरलं होतं. "बरं. मी बघतो काय ते."

आणि त्यांनी बघितलं. माझ्या नवऱ्याला चहाला बोलावलं.

त्या रात्री घरात जे भांडण झालं ते सगळं सांगत नाही. नवऱ्याला आधी कळेचना की माझं बिनसलं कुठे. "मी काय वाईट केलं? चांगल्याच मनाने गेलो ना?" हे त्याचं पालुपद. चांगल्या मनाने गेला होता, हे मलाही मान्य आहे. तो तसाच आहे, समोरच्याने खुर्ची दिली की त्याला नाही म्हणता येत नाही. शेवटी मी विचारलं, "उद्या मी तुमच्या साहेबांकडे जाते. चहा घेते. तुमच्या प्रमोशनचं काय ते ठरवून येते, आणि संध्याकाळी पुडा घेऊन घरी येते. चालेल?"

तो हसला. मग हसायचा थांबला.

पुढच्या रविवारी आम्ही माझ्या माहेरी गेलो. भडगाव तालुक्यात गिरणेच्या काठाला आमचं गाव आहे. आखाजी तोंडावर आली होती. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया; खानदेशात ती दिवाळीच्या तोडीची. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, घराघरात पुरणपोळी आणि आमरस. आम्ही बौद्ध, आमच्या घरी त्या दिवशी घागर भरून पूजा होत नसे. पण आखाजीचा एक भाग मात्र आमचाही होता, आणि तोच आमच्या घरात सगळ्यात मोठा होता. त्या दिवशी वडिलांचं साल फिरायचं.

माझे वडील सालदार होते. सालदार म्हणजे वर्षभरासाठी एकाच शेतकऱ्याकडे बांधलेला गडी. बैल त्याचे, शेत त्याचं, राबायचं आपण. वर्ष मोजायचं आखाजी ते आखाजी. आखाजीच्या आदल्या संध्याकाळी वडील बैलांना पाणी पाजून, वैरण टाकून चाबूक मालकाच्या ओट्यावर ठेवायचे आणि घरी येऊन बसायचे. सकाळी बैल हंबरले तरी जायचे नाहीत. साल संपलं, आता कोणाचा कोणावर हक्क नाही. मग मालक माणूस पाठवायचा, वडील स्वच्छ सदरा घालून जायचे, ओट्यावर चारचौघं बसलेले असायचे आणि त्यांच्यासमोर बोलणी व्हायची. धान्य किती, रोख किती, कपडे आणि चपला किती. वडील शाळेत गेलेले नव्हते, पण त्या एका दिवशी ते मालकासमोर ताठ बसून आपली किंमत सांगायचे. ठरलं तर चाबूक उचलायचे. न ठरलं तर दुसऱ्या मालकाकडे.

सालदारकी काही चांगली गोष्ट होती असं मी म्हणत नाही. वर्ष संपायच्या आत उचल घेतली की माणूस बांधला जायचा, आजारी पडला तर खाडे कापले जायचे. तिचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा एक साल काढून बघावं. पण वर्षातून एक दिवस तरी मालकाला तोंडाने विचारावं लागायचं, "बोल, काय घेशील?" नऊ वर्षांत मला कोणी एवढं विचारलं नव्हतं.

मी ओसरीवर बसून सगळी हकीगत सांगितली. धुळे, शेठ, चहा, काजूकतली. नवरा बाजूला बसून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. वडील ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तू व्हईसन गयी ना त्यानाकडे, तेच चुकनं. आपुन व्हईसन गयं ते भाव पडस. त्यानी बोलावाले पाहिजे."

म्हणजे आपण होऊन गेलो की भाव पडतो. मी म्हटलं, "बोलावलं ना त्याने. पण मला नाही, यांना."

आई इतका वेळ शेवग्याच्या शेंगा सोलत होती. ती मध्ये फारशी बोलत नाही. तिने शेंग बाजूला ठेवली आणि सरळ जावयालाच विचारलं, "काम ती करस का तुम्ही करतस?"

नवरा कानापर्यंत लाल झाला. "तीच करते, आई," तो म्हणाला.

"मंग तुमले कसाले बोलावं?" आई म्हणाली. आणि मग तिने जे सांगितलं ते मला त्या दिवसापर्यंत खरोखर माहीत नव्हतं. वडील सालदार असताना ती रोज पहाटे मालकाचा गोठा झाडायची, शेण काढायची, गोवऱ्या थापायची. लहानपणी मी तिच्याबरोबर गेलेही आहे. मला वाटायचं, त्याचे वेगळे पैसे मिळत असतील. "कसाना पैसा?" आई म्हणाली. "मन्हं साल कोनी ठरावं? तुन्हा बापना सालमाच धरेल व्हतं. माले कोनी इचारंच नही."

तिचं वर्षभराचं काम वडिलांच्या सालात धरलेलं होतं. ओट्यावर चारचौघांत बोलणी व्हायची, तेव्हा बायकोचा गोठा हा नवऱ्याच्या भावातच यायचा, भाजीवर कोथिंबीर घालून देतात तसा. वडिलांनी मान खाली घातली. त्यांनाही हे कोणी कधी विचारलं नसावं. आईच्या बोलण्यात राग नव्हता, तिने तो कधीच टाकून दिला असणार. तो सगळा माझ्याकडे आला. मला दोन पिढ्यांचा राग एकदम आला. माझी आई शेणाच्या पाट्या वाहत होती आणि तिचा मोबदला दुसऱ्याच्या नावाने ठरत होता, मी एम.एस्सी. होऊन, लॅबमध्ये बसून, थेट तिच्याच जागेवर येऊन बसले होते. फक्त माझ्या अंगात पांढरा एप्रन होता.

येताना गाडीत नवरा एवढंच म्हणाला, "मी शेठना फोन करून सांगू का, की ते मागे घ्या म्हणून?"

"तुम्ही काहीच सांगू नका," मी म्हणाले. "तेच तर."

आखाजीच्या दिवशी मिल चालू होती. शेठच्या घरी सण, पण परदेशी जाणारा एक कंटेनर भरून उभा होता आणि तो संध्याकाळच्या आत मुंबईकडे निघायला हवा होता. रिपोर्टवर माझी सही झाल्याशिवाय तो हलत नाही. मी नेहमीच्या वेळेला गेले. लॅब उघडली, पंखा लावला, पण एप्रन खुंटीवरच राहू दिला. मग बाहेर येऊन केबिनसमोरच्या बाकावर बसले. तिथे दलाल आणि माल विकायला आलेले लोक बसतात. आम्हा नोकरीतल्या लोकांनी तिथे बसायची पद्धत नाही.

हिशेबाच्या टेबलावरचे भाऊ दोनदा येऊन गेले. "ताई, बरं नाही का?" मी म्हटलं, "बरं आहे. शेठची वाट बघतेय." ड्रायव्हर कंटेनरच्या सावलीत आडवा झाला होता. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. नोकरी गेली तर धुळ्याला रोज जाणं-येणं होणार नव्हतं, आणि 'मिस्टरांना घेऊन या' म्हणणाऱ्यांकडे जायची इच्छा तर मुळीच नव्हती. माझी ही नोकरी होती, मला तीच हवी होती, पण माझी म्हणून हवी होती.

शेठ अकराच्या सुमाराला नव्या कपड्यांत, कपाळाला टिळा लावून आले. मला बाकावर बघून थबकले. "ताई, इथे का? रिपोर्ट झाला?"

"नाही शेठ. आज आखाजी आहे. माझे वडील सालदार होते. आमच्याकडे आखाजीला जुनं साल संपतं आणि नवं ठरल्याशिवाय कामाला हात लावत नाहीत. माझं साल संपलं. नवं ठरवू, मग लगेच करते."

त्यांना आधी वाटलं मी काही सणाची गंमत करतेय. मग बघितलं, एप्रन नाही. आवाज खाली आला. "अहो पण ठरलंय ना ते! परवाच तुमच्या मिस्टरांशी बोलणं झालं. पंधराशे."

"ते त्यांच्याशी ठरलं. ते तुमच्याकडे कामाला नाहीत. त्यांनी तूर तपासली तर सगळा माल परत येईल."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. शेठना ते आवडलं नाही. माझ्यासमोरच त्यांनी खिशातून फोन काढला आणि नवऱ्याला लावला. स्पीकरवर. मला तेव्हा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी येईल की काय अशी भीती वाटली. मी एका हाताच्या अंतरावर होते आणि हा माणूस माझ्याबद्दल फोनवर बोलणार होता.

"साहेब, आखाजीच्या शुभेच्छा! जरा ताईंना समजवा बरं. आपलं बोलणं झालंय ना, आणि इथे माल अडून बसलाय."

पलीकडून ऑफिसातल्या कोणाचं तरी बोलणं लांबून ऐकू येत होतं. मग नवरा म्हणाला, "शेठ, ती तिथे समोरच आहे का?"

"हो, हो, इथेच आहेत."

"मग तिच्याशीच बोला ना. परवा मी हो म्हटलं ते चुकलं माझं. माझं कामच नव्हतं ते. ठेवतो, आमचे साहेब आलेत."

मी त्याला काही शिकवून ठेवलं नव्हतं. माझ्या नवऱ्याने खुर्ची देणाऱ्या माणसाला नाही म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

शेठनी फोन खिशात ठेवला. टिळा घामाने ओघळायला लागला होता. त्यांनी कंटेनरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि केबिनचं दार उघडून धरलं. मी आत जाऊन बसले. ज्या खुर्चीत परवा नवऱ्याला बसवलं होतं तीच असणार, कारण दुसरी नाहीच.

"बोला ताई," ते म्हणाले. "किती?"

मी धुळ्याचा आकडा सांगितला. पद सांगितलं. पुढचं सगळं तोंडपाठ करून आले होते. फेब्रुवारीतला वाचवलेला माल, बाहेरच्या तपासण्या, 'करिता' लिहून केलेल्या सह्या. बाजार मंदीत आहे म्हणाले तर काय सांगायचं, पुढच्या वर्षी म्हणाले तर काय, अर्धं आत्ता म्हणाले तर काय. मी श्वास घेतला आणि सुरुवात करणार, एवढ्यात शेठ म्हणाले, "बरं."

"बरं म्हणजे?"

"म्हणजे देतो. पत्र आज टाईप करायला सांगतो. आता ते रिपोर्टचं बघा, गाडी खोळंबलीय."

एवढंच. चहासुद्धा आला नव्हता अजून. त्यांनी डोळे मिटले नाहीत, हिशेब केला नाही, पोराला विचारलं नाही. खरं तर मी उड्या मारायला हव्या होत्या. मी लॅबमध्ये गेले, एप्रन घातला, नमुने काढले, आणि रागाने पहिल्या नमुन्याचं ताट टेबलावर आपटलं. इतकं सोपं होतं? बाजार मंदीत आहे, यंदा तूर महाग पडली, डॉलर खाली गेला, सगळ्यांनी जरा सोसा, हे मी दर वर्षी खरं मानत आले होते. मिल अडचणीत आहे म्हणून एका दिवाळीला मी स्वतःच 'मला यंदा नको' म्हटलं होतं. आणि हे सगळा वेळ त्यांच्या वरच्या खिशात होतं. त्यांना नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. त्यासाठी मला चारचौघांत बाकावर बसावं लागलं.

रिपोर्टवर 'करिता' न लिहिता सही केली. कंटेनर गेला.

दुपारी सणाचं म्हणून मिलमध्ये सगळ्यांना आमरस-पोळी होती. शेड झाडून पंगत बसवली होती. शेठ स्वतः वाटीत रस वाढत फिरत होते. सणाला ते तसं करतात, आणि लोकांना ते आवडतं. माझ्यापाशी आले, वाटी काठोकाठ भरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय मग, मॅनेजर मॅडम? आता तर खूश ना?"

"नाही, शेठ," मी म्हणाले. "आज एका मिनिटात दिलंत. मग इतकी वर्षं का नाही दिलं?"

ते हसले. त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय. ते हसले म्हणून पंगतीतले बाकीचेही हसले. मी हसले नाही. मी वाटीला हात न लावता त्यांच्याकडे बघत बसले. हळूहळू एकेक जण हसायचा थांबला, आणि शेठ रसाचं पातेलं हातात धरून तिथेच उभे राहिले.